गोचीड आठवडाभर चिकटून राहतो, तरी गाय शांत कशी?

मालव्यात पहिले दोन-चार पाऊस झाले की गोठ्यागोठ्यांतून एकच तक्रार येते: गोचीड झाले. सांवेर, देपालपूर, महूकडच्या गोठ्यांत संकरित गाईची कास, कानाची आतली बाजू, शेपटीखालची जागा चाचपून बघा, फुगलेले राखाडी गोचीड हाताला लागतात. शहरही त्यातून सुटलेलं नाही. इंदुरात आता घरोघरी कुत्री आहेत आणि त्यांच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत तपकिरी गोचीड असतात. गाईवरचा मुख्य गोचीड ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, कुत्र्यावरचा ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. जाती वेगळ्या, पण रक्त मिळवण्याची पद्धत बरीचशी सारखी.

मला यात सर्वांत नवल वाटतं ते वेळेचं. डास क्षणभर बसतो, रक्त ओढतो आणि उडून जातो. गाईवरचा गोचीड मात्र अळी असल्यापासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याच एका गाईवर काढतो. मादी शेवटच्या एक-दोन दिवसांत भराभर रक्त पिते, तिचं वजन शंभर पटींहून अधिक वाढतं, मग ती गळून पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. या सगळ्या काळात तिचं तोंड कातडीत रुतलेलं असतं. रक्तवाहिनीत सुईसारखी नळी घालून ती रक्त ओढत नाही. कातडीखालचा भाग फाडून तिथे रक्ताचं छोटं डबकं करते आणि त्यातून पिते.

आता शरीराच्या बाजूने विचार करा. बोटात साधा बाभळीचा काटा मोडला तरी रक्त गोठतं, जागा लाल होते, सुजते, ठणकते, खाजते, पांढऱ्या पेशी धावून येतात. उघड्या जखमेत परका जीव दिवसचे दिवस तोंड घालून बसलेला असताना यातलं काहीच पुरेसं होऊ नये, हे घडतं कसं? त्याचं मोठं कारण गोचिडाच्या लाळेत आहे. ती लाळ म्हणजे एन्झाइम रोखणाऱ्या प्रथिनांचं मिश्रण आहे. त्यात विषासारखं जाळणारं, मारणारं फारसं काही नसतं. ती शरीराच्या क्रिया थांबवते, एवढंच.

एन्झाइम म्हणजे शरीरातली विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. या लेखात येणारी बहुतेक एन्झाइम प्रोटिएझ गटातली आहेत. दुसरी प्रथिनं ठरावीक जागी कापणं हे त्यांचं काम. कापण्याची क्रिया एन्झाइमच्या एका लहानशा खोबणीत होते. त्या खोबणीत जाऊन बसणारा आणि न निघणारा रेणू म्हणजे रोधक.

इंदूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या आजूबाजूचं सोयाबीन घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम रोखणारं प्रथिन असतं. म्हणून कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घातलं तर त्यांना त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत आणि वाढ खुंटते. कारखान्यात तेल काढल्यावर उरलेली पेंड (डीओसी) वाफेवर भाजतात, त्यामागे हेही एक कारण आहे: उष्णतेने रोधक निकामी होतो. खंडवा रोडवरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने तर हा रोधक नसलेलं एनआरसी 127 हे वाणच तयार केलं. सोयाबीनमधला हा रोधक कुनित्झ या नावाने ओळखला जातो, कारण मोझेस कुनित्झ या अमेरिकेतल्या संशोधकाने त्याचे स्फटिक मिळवले. त्याच कुनित्झने जॉन नॉर्थ्रॉपबरोबर 1936 साली गाईच्या स्वादुपिंडातूनही ट्रिप्सिन रोखणारं एक छोटं प्रथिन वेगळं केलं होतं. रचनेने ही दोन प्रथिनं एकमेकांची कोणी लागत नाहीत. गाईच्या स्वादुपिंडातल्या प्रथिनाचा आराखडा मात्र इथे लक्षात ठेवा, कारण साधारण तोच आराखडा, थोडे फेरफार होऊन, गोचिडाच्या लाळेत पुन्हापुन्हा सापडतो. शास्त्रज्ञ त्याला कुनित्झ प्रकारचा रोधक म्हणतात. हा खोबणीत घट्ट बसतो आणि एन्झाइमचं काम बंद पाडतो.

या रोधकांचं पहिलं लक्ष्य रक्त गोठण्याची क्रिया. रक्त गोठतं ते एका साखळीने. जखम झाली की एक घटक दुसऱ्याला कापून जागा करतो, दुसरा तिसऱ्याला. या साखळीत दोन कड्या महत्त्वाच्या: दहावा घटक (जागा झालेल्या रूपात त्याला एक्सए म्हणतात) आणि थ्रॉम्बिन. एक्सए थ्रॉम्बिन तयार करतो, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन कापून फायब्रिनचे धागे तयार करतं आणि त्या जाळ्यात रक्त अडकतं. प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते. एक्सएचा एक रेणू थ्रॉम्बिनचे शेकडो रेणू तयार करू शकतो. म्हणजे वरच्या कडीवर बसवलेला एक रोधक खालचं फार मोठं काम वाचवतो. गोचिडांच्या निरनिराळ्या जातींनी या दोन्ही कड्या पकडल्या आहेत. आफ्रिकेतल्या ऑर्निथोडोरॉस मौबाटा या मऊ पाठीच्या गोचिडातून 1990 साली 60 अमिनो आम्लांचं एक प्रथिन वेगळं केलं गेलं. ते फक्त एक्सएला पकडतं, इतर प्रोटिएझकडे जवळजवळ ढुंकून बघत नाही. अमेरिकेतल्या इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसच्या लाळेतलं इक्सोलॅरिस साखळीच्या अगदी सुरुवातीलाच अडथळा आणतं. आपल्या गाईंवरच्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसमध्ये बूफिलिन नावाचा रोधक आहे. तो थ्रॉम्बिनला पकडतो. हा गोचिडाच्या आतड्यात तयार होतो, कारण पोटात गेलेलं रक्त तिथेच गोठून बसलं तर गोचीडच मरायचा.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते गरजेचं आहे. तुमच्या घरात कोणाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर त्यांना ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅनची गोळी चालू असू शकते. या गोळ्या एक्सएलाच रोखतात. त्या गोचिडापासून काढलेल्या नाहीत, कारखान्यात घडवलेले लहान रेणू आहेत. पण फक्त एक्सए थांबवून गुठळी टाळता येते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून देताना 1990 चं ते गोचिडाचं प्रथिन आणि मेक्सिकोतल्या एका जळवेचं प्रथिन शास्त्रज्ञांच्या हाताशी होतं. ज्या जागी बोट ठेवल्यावर रक्त वाहतं राहतं, ती जागा गोचिडाला फार आधीपासून ठाऊक होती.

रक्त वाहतं ठेवणं हे निम्मंच काम. गाईला वेदना आणि खाज जाणवली तर ती ती जागा चाटेल, खांबाला घासेल, आणि गोचीड पडेल. वेदनेच्या मागे ब्रॅडिकायनिन नावाचा लहान रेणू असतो. कॅलिक्रीन हे प्रोटिएझ त्याला तयार करतं. काही गोचीड कॅलिक्रीनला जागं होऊ देत नाहीत. काही वेगळा मार्ग घेतात: ब्रॅडिकायनिन तयार झाल्यावर त्याचे तुकडे करणारं एन्झाइमच लाळेतून सोडतात. आपल्या शरीरातही असं एक एन्झाइम आहे, एसीई. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो, त्याचं एक कारण हेच की त्या गोळ्या एसीईला रोखतात आणि ब्रॅडिकायनिन साठतं. आफ्रिकेतल्या आणखी एका गोचिडाच्या लाळेत ट्रिप्टेझ रोखणारं प्रथिन सापडलं आहे. ट्रिप्टेझ हे कातडीतल्या मास्ट पेशींचं हत्यार. सूज आणि जळजळ वाढवणारं. ते प्रथिन मास्ट पेशींच्या आत शिरून तिथेच ट्रिप्टेझला धरतं.

आता सर्पिन. या लेखात मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो यांनाच, कारण सर्पिन गोचिडात आहेत, गाईत आहेत आणि तुमच्या-माझ्यातही आहेत. कुनित्झ प्रकारचा रोधक खोबणीत नुसता बसून राहतो. सर्पिनची रीत निराळी, उंदराच्या सापळ्यासारखी. सर्पिनच्या अंगावर एक लांबट फास बाहेर आलेला असतो. प्रोटिएझला तो कापण्याजोगा वाटतो. प्रोटिएझ फास कापायला लागतं, आणि कापताना काही क्षण दोन्ही रेणू रासायनिक बंधाने जोडले जातात. एरवी तो बंध लगेच सुटतो. इथे मात्र कापलेला फास ताडकन आत ओढला जातो, बरोबर प्रोटिएझलाही ओढून सर्पिनच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतो. त्या धक्क्यात प्रोटिएझची खोबणी वाकडी होते आणि ते कायमचं निकामी होतं. सर्पिनही संपतो. एका रेणूने एक रेणू मारायचा, असा हा व्यवहार आहे.

माणसाच्या शरीरात असे तीन डझनांच्या आसपास सर्पिन आहेत. रक्तातला अँटिथ्रॉम्बिन हा त्यातलाच. हेपॅरिनचं इंजेक्शन स्वतः रक्त पातळ करत नाही, ते अँटिथ्रॉम्बिनचा वेग प्रचंड वाढवतं. दुसरा अल्फा-1-अँटिट्रिप्सिन. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेझ नावाचं एन्झाइम सोडतात, ते फुप्फुसाचं लवचिक जाळंही कापू शकतं. अल्फा-1-अँटिट्रिप्सिन त्याला आवर घालतो. ज्यांच्या रक्तात तो जन्मतः फार कमी असतो त्यांना एम्फिसिमा (फुप्फुसाचं जाळं झिजून दम लागण्याचा आजार) लवकर होतो, हे स्वीडनमध्ये 1963 साली लक्षात आलं. सिगारेटचा धूर याच सर्पिनच्या फासातलं एक अमिनो आम्ल बिघडवतो आणि तो निकामी होतो.

थोडक्यात, रोधक हे परजीवीने शोधलेलं कपट नाही. निरोगी शरीरातही प्रत्येक कापणाऱ्या एन्झाइममागे त्याला थांबवणारा कोणीतरी तैनात असतो. नाहीतर बोटाला झालेली जखम भरताना सगळं रक्तच गोठलं असतं. गोचिडाने त्याच घराण्याची प्रथिनं आपल्या लाळेत वाढवली. इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसच्या जनुकसंचात चाळिसांहून अधिक सर्पिन आहेत, माणसापेक्षा जास्त. गोचिडांच्या सर्पिनपैकी काही पांढऱ्या पेशींच्या इलॅस्टेझला आणि कॅथेप्सिन-जीला थोपवतात, काही मास्ट पेशींच्या कायमेझला. गाईच्या सर्पिनचं काम आग हवी तेवढीच ठेवण्याचं आहे. गोचिडाचे सर्पिन ती पेटूच देत नाहीत.

तिसरा गट सिस्टॅटिन. हे वेगळ्या जातीच्या प्रोटिएझना रोखतात, पेशींच्या आत काम करणाऱ्या कॅथेप्सिनना. याचा परिणाम दूरवर होतो. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी परक्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि ते तुकडे इतर पेशींना दाखवतात. त्यावरून शरीर शत्रू ओळखायला शिकतं. तुकडे करायला कॅथेप्सिन लागतात. ते रोखले की शिकणंच मंदावतं. इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसमधले सायलोस्टॅटिन हे असे सिस्टॅटिन आहेत. प्रयोगशाळेत गोचिडाची ही जनुकं बंद केली, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रक्त नीट पिताच आलं नाही.

गोचिडाच्या पोटात काय होतं हेही बघू. डास आतड्याच्या पोकळीत ट्रिप्सिन सोडून रक्त पचवतो. गोचिडाचा मार्ग वेगळा: आतड्याच्या पेशी रक्तातली प्रथिनं आत घेतात आणि पेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यांत कॅथेप्सिन-डी, कॅथेप्सिन-बी, कॅथेप्सिन-एल, लेग्युमेन अशी एन्झाइम त्यांचे तुकडे करतात. पिलेल्या रक्ताबरोबर गाईचे स्वतःचे रोधकही पोटात येतात. त्यातले अँटिथ्रॉम्बिन आणि अल्फा-1-अँटिट्रिप्सिनसारखे भरपूर असलेले रोधक ट्रिप्सिनच्या जातकुळीतल्या एन्झाइमना थोपवणारे असतात. गोचिडाच्या पचनाचा मुख्य भार त्या जातकुळीवर नाहीच. गोचिडाच्या स्वतःच्या द्रवातही अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिनच्या घराण्याची प्रथिनं फिरत असतात. गाईच्या आणि आपल्या रक्तातही ते प्रथिन आहे. ते कुठल्याही जातीच्या प्रोटिएझला अंगाखाली घेऊन कोंडून टाकतं. दोन्ही बाजूंकडे शस्त्रं कशी सारखी आहेत ते यावरून कळतं.

मग गाय अगदीच असहाय आहे का? नाही. विल्यम ट्रेगर यांनी 1939 साली दाखवलं की गिनीपिगवर एकदा गोचीड पोसले गेले, की पुढच्या वेळी त्यांना तिथे धड पोसताच येत नाही. कातडीतली प्रतिक्रिया त्यांना हुसकावते. गाईंमध्येही हे घडतं आणि ते वंशावर अवलंबून असतं. वशिंड असलेल्या आपल्या देशी गाई, माळवी किंवा गीर, हजारो वर्षं या गोचिडांबरोबर राहिल्या आहेत. त्यांच्यावर कमी गोचीड तगतात. होल्स्टीन किंवा जर्सीच्या रक्ताच्या गाईंवर जास्त. दूध वाढवण्यासाठी संकर करताना हा हिशोब धरावाच लागतो. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातल्या पशुपालकांनाही हे अनुभवाने माहीत असतं.

लस करायची तर लाळेतलं कोणतं प्रथिन धरायचं, हा मोठा प्रश्न आहे. एक रोधक बंद केला तर दुसरा ते काम उचलतो, आणि पोसण्याच्या दिवसांत गोचीड लाळेतली प्रथिनं बदलतही राहतो. आजवर बाजारात आलेली लस बीएम86 या आतड्यातल्या प्रथिनावर होती, 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबात. तिचा गुण प्रदेशाप्रमाणे कमीजास्त राहिला. पण 2008 सालचा एक प्रयोग मला फार आशादायक वाटतो. सायलोस्टॅटिन-एल2 हा सिस्टॅटिन गोचीड इतक्या बेताने सोडतो की प्राण्याचं शरीर एरवी त्याची दखलच घेत नाही. गिनीपिगना तोच आधी लशीसारखा टोचला, तेव्हा त्यांच्या शरीराने तो ओळखला आणि त्यांच्यावर सोडलेल्या गोचिडांचं पोसणं बिघडलं. शत्रू जे लपवतो तेच शरीराला आधी दाखवायचं, ही दिशा बरोबर आहे असं माझं मत आहे.

आज गोठ्यात मिळणाऱ्या औषधांतही एक एन्झाइम-रोधक आहे. कूमाफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं गोचिडाच्या मज्जातंतूंमधलं ॲसिटिलकोलिनेस्टरेझ हे एन्झाइम रोखतात. मज्जातंतूंचा संदेश थांबत नाही आणि गोचीड मरतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ वेगळ्या जागी काम करतात. तेच औषध वर्षानुवर्षं, तेही पातळ करून, वापरलं की ज्यांच्यातलं औषधाचं लक्ष्य, जसं हे एन्झाइम, थोडं बदललेलं आहे असे गोचीड मागे उरतात आणि तेच वाढतात. म्हणून मात्रा लेबलप्रमाणे घ्यावी आणि कोणत्या गटाचं औषध चालू आहे ते पशुवैद्याला विचारून बदलावं. आणि ॲसिटिलकोलिनेस्टरेझ माणसातही आहे. फवारणीनंतर कोणाला घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं, दम लागणं असं झालं तर वाट न बघता दवाखान्यात न्यावं, सोबत औषधाची बाटली न्यावी; तिथे ॲट्रोपिन आणि हे एन्झाइम मोकळं करणारं प्रॅलिडॉक्झिम देता येतं.

गोचीड काढताना रॉकेल टाकणं, अगरबत्ती लावणं हे थांबवायला हवं. रक्तातलं जादा पाणी गोचीड लाळेतून परत जखमेतच सोडत असतो, आणि त्याच वाटेने रोगजंतू आत जातात. त्याला डिवचलं तर आणखी द्रव आत जाण्याची भीती असते. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ आणि सावकाश ओढावा. गाईंच्या थायलेरियाचे जंतू हायलोमा जातीचा गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळग्रंथीत पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतात, म्हणून रोज हात फिरवून काढलेला गोचीड आठवड्याने काढलेल्यापेक्षा खूप कमी धोक्याचा. बोटांनी चिरडू नये. क्रायमियन-काँगो तापाचे विषाणू हायलोमा गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला लागतात, आणि भारतात तो पहिल्यांदा सिद्ध झाला तो जानेवारी 2011 मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत. हातमोजे घालावेत, काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकावा आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत.